हंडीतली घंटा

सरांनी हंडी परत आणली तेव्हा माझ्या तोंडात फुंकणी होती आणि फुंकणीच्या टोकाला लालबुंद काचेचा गोळा, त्यामुळे मला लगेच काही बोलता आलं नाही. बरंच झालं म्हणायचं. माझ्या हातचं काम कुणी परत आणलं की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही, आणि सर म्हणजे अगदी गरीब गाय. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतात. हंडी तान्ह्या पोरासारखी कवटाळून ते दारात उभे होते, आत यावं की नाही अशा विचारात.

गोळा भट्टीत सारला आणि विचारलं, "काय झालं?"

"वाजतेय अजून," सर म्हणाले. "हवा काढली तरी घंटा ऐकू येते. पोरं हसली हो वर्गात."

इथं जरा सांगायला हवं. आमच्या कारखान्यात प्रयोगशाळांना लागणारी काच बनते. चंबू, नळ्या, नरसाळी, असलं सगळं. मी फुंकते, भाऊ घासतात. भाऊ माझे कुणी नव्हेत. माझ्या वडिलांच्या वेळेपासून काचेच्या कडा घासायला आहेत, म्हणून सगळ्यांचेच भाऊ. सरांना हवी होती ती निर्वात हंडी, म्हणजे जाड काचेचा मोठा घुमट. तो सपाट तबकडीवर पालथा घालायचा, आत विजेची छोटी घंटा वाजत ठेवायची आणि तबकडीच्या भोकातून पंपानं हवा ओढून घ्यायची. हवा जाईल तसा घंटेचा आवाज बारीक होत जातो आणि शेवटी नाहीसा होतो. आवाजाला चालायला काहीतरी लागतं, हवा काढून घेतली तर त्याचा रस्ताच जातो, एवढं पोरांना दाखवायचं असतं. हे मला लहानपणापासून पाठ. पण प्रयोग डोळ्यांनी कधी पाहिला नव्हता. आम्ही हंडी करायची, पंप लावून हवेच्या दाबाच्या मापकाचा काटा खाली गेला की पुसून गवतात गुंडाळायची आणि धाडून द्यायची. पुढचं ज्याचं त्यानं बघावं.

"आवाज येतोय म्हणजे हवा आत शिरतेय," मी म्हटलं. "म्हणजे कड नीट बसत नाहीये. भाऊ, ऐकताय ना?"

भाऊ ऐकत होते आणि त्यांचं तोंड कडू झालं होतं. "माझ्या कडेतून वाऱ्याचा बापसुद्धा आत शिरायचा नाही," ते म्हणाले.

"मग काय घंटा हट्टानं वाजतेय?"

"तुझी काच कुठं पातळ झाली असेल, ते बघ."

आमचं हे रोजचंच. सर बिचारे एकदा भाऊंकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. मी हंडी आणि घंटा बसवलेली तबकडी त्यांच्याकडून काढून घेतली, दोन दिवसांनी या म्हटलं आणि त्यांना वाटेला लावलं. पण ते एक वाक्य माझ्या मनात रुतून बसलं, पोरं हसली हो वर्गात. कारण खिडकीजवळच्या स्टुलावर माझी भाची बसली होती. तिच्यावरही वर्गातली पोरं हसली होती, आणि तेव्हापासून ती एक शब्द बोललेली नव्हती.

माझ्या धाकट्या बहिणीची ही एकुलती एक. खरं नाव शाळेच्या पटावर, आमच्यात सगळे टकळीच म्हणायचे. सकाळी डोळा उघडला की तोंडाचा पट्टा सुरू, तो झोपेपर्यंत. झोपेतसुद्धा कुणाला तरी काहीतरी समजावून सांगायची. कारखान्यात आली की माझ्या मागे मागे फिरायची. आमच्या धंद्यात सगळं कानावर चालतं. काचेला हलकं नख मारायचं आणि ऐकायचं. चांगली काच खणखणते, आत बारीक तडा असेल तर बद्द वाजते, डोळ्यांना काही दिसो न दिसो. हे तिला मी शिकवलं होतं आणि तिला ते माझ्याहून लवकर साधलं होतं. मांडणीवरच्या चंबूंना नख मारत फिरायची आणि मध्येच थांबून म्हणायची, "मावशी, हा आजारी आहे." तो खरंच आजारी असायचा.

मागच्या थंडीत तिला ताप आला आणि तो डोक्यात गेला. पोर वाचली. कान गेले, दोन्ही. डॉक्टरांनी घंटा वाजवल्या, नादकाटे वाजवले, पेट्या वाजवल्या, आणि दर वेळी ती आमच्याकडे बघून नकारार्थी मान हलवायची. तरी सुरुवातीला बोलायची. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे कधी ओरडून बोलायची, कधी पुटपुटायची, पण बोलायची. मग एक दिवस शाळेत तिनं उत्तर द्यायला हात वर केला आणि असं काही मोठ्यानं उत्तर दिलं की अख्खा वर्ग कानांवर हात ठेवून हसला. ते तिला ऐकू आलं नाही, पण दिसलं. घरी आली ती तोंड मिटूनच.

डॉक्टर माझ्या बहिणीला म्हणाले होते, कानांचं आता माझ्या हातात काही नाही, पण हिला बोलती ठेवा. बोलत राहिली तर बोलणं टिकेल. गप्प बसली तर शब्द हळूहळू बोथट होतील आणि पुढं तिनं मनात आणलं तरी तिचं बोलणं कुणाला कळायचं नाही. खुणांची भाषा शिकवायला एक बाई घरी येत. त्या जीव तोडून शिकवत आणि टकळी हात मांडीवर ठेवून त्यांच्याकडे बघत बसे. तोंडानं नाही आणि हातांनीही नाही. जणू आमच्याकडून तिच्याकडे आणि तिच्याकडून आमच्याकडे यायची वाटच कुणीतरी काढून घेतली होती. बहिणीचा जीव टांगणीला लागलेला. तिची नोकरी शिवणकामाच्या कारखान्यात, दिवसपाळी. म्हणून दुपारची पोर माझ्याकडे. खिडकीजवळच्या त्या स्टुलावर बसे आणि बाहेर बघे. चंबूंना नख मारायचं तर तिनं केव्हाच सोडून दिलं होतं. मी तापट बाई आहे, मला रडता येत नाही, राग येतो. मला त्या वर्गाचा राग येई, तापाचा येई, आणि खरं सांगते, कधी कधी त्या पोरीचाही येई.

तर हंडी. भाऊंनी कुरुंदाची पूड पाण्यात कालवून तिची कड पुन्हा घासली. गोल गोल, ओठ घट्ट आवळून, माझ्याकडे न बघता. मग घंटा सुरू केली, कडेला ग्रीस लावून हंडी तबकडीवर पालथी बसवली, पंप चालवला. आमचा पंप चालू असताना शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. म्हणून हवा काढून झाली की तोटी फिरवून भोक बंद करायचं, पंप थांबवायचा आणि मग कान द्यायचा. कान दिला. घंटा वाजतच होती. बारीक झाली होती, पण अगदी स्पष्ट.

"मापकाचा काटा बघ," भाऊ म्हणाले. "तळाला आहे. आत हवा नाहीच."

"मापक बिघडलाय," मी म्हटलं.

मापक बिघडलेला नव्हता. पण काचेच्या माणसाला दोष काचेतच सापडतो, त्याला मी काय करू. मी नवी हंडी फुंकली, पहिलीहून जाड. ती भट्टीच्या बाजूच्या कोठीत हळूहळू गार केली, भाऊंनी तिची कड अशी घासली की तीत तोंड दिसावं. नख मारलं तर देवळातल्या घंटेसारखी घुमली. काचेत काही म्हणजे काही दोष नव्हता.

सर आले त्या दुपारी आम्ही त्यांच्यादेखत नवी हंडी लावली. घंटेच्या लाकडी पाटीलाच सेल बांधलेले होते. बटण दाबलं, घंटा सुरू झाली, हंडी वरून पालथी घातली, पंप चालवला, थांबवला. आणि ती मेली पुन्हा वाजतेच आहे.

मग माझा तोल गेला. मी भाऊंना बोलले, भाऊ मला बोलले, माझ्या वडिलांपर्यंत गोष्ट गेली. सर मध्ये मध्ये "अहो पण" म्हणायचे आणि गप्प व्हायचे. आम्ही एवढे हातवारे करत होतो की टकळीचं लक्ष खिडकीतून उठून आमच्याकडे आलं. ती स्टुलावरून उतरली आणि टेबलाशी येऊन उभी राहिली. आम्ही भांडतोय ते कशावरून, हे तिला बघायचं असावं.

तिनं हंडीवर तळवा ठेवला. थोडा वेळ ठेवून काढला. मग तबकडीवर ठेवला, आणि तिचे डोळे बदलले. ते मला नीट सांगता येणार नाही. इतके दिवस ते डोळे उघडे असून मिटलेले होते, ते उघडले एवढंच. तिचा तळवा तबकडीच्या कडेवरून सरकत सरकत खाली, तिच्या पायांमधून मधल्या पेचापाशी गेला आणि तिथं थांबला. मग तिनं माझं मनगट धरलं. मी भाऊंना काहीतरी लागट बोलत होते, ते तोंडातच राहिलं. कित्येक महिन्यांत या पोरीनं आपणहून कुणाला हात लावला नव्हता. तिनं माझा हात ओढून त्या पेचावर ठेवला.

पेच थरथरत होता. बोटांना मुंग्या याव्यात तसा, घंटेच्या प्रत्येक ठोक्याला.

मी सरांचा हात धरून तिथं ठेवला. सर क्षणभर तसेच वाकून उभे राहिले आणि मग त्यांनी दुसऱ्या हातानं कपाळ बडवून घेतलं.

"दांडा," ते म्हणाले. "अहो, हा दांडा."

घंटा तबकडीवर एका लोखंडी दांड्यावर बसवलेली होती. सरांच्या जुन्या हंडीत ती स्प्रिंगांना लोंबकळत असे. आमच्याकडे पहिली हंडी करायला टाकली तेव्हा मीच म्हटलं होतं की हे काय लटपटतं काम, शोभा नाही, आणि जाड दांडा घालून तबकडीखालून पेचानं करकचून आवळून दिला होता. माझ्या हातचं काम हललेलं मला चालत नाही. आवाजाला हवेची वाट बंद केली, तर त्यानं माझा दांडा धरला, दांड्यातून तबकडीत, तबकडीतून टेबलात, आणि टेबलावरून खोलीभर. लोखंडातून तर तो हवेपेक्षाही झपाट्यानं जातो, सर म्हणाले. आम्ही तिघं कान लावून बसलो होतो आणि कानाला तो कुठून येतोय ते कळत नव्हतं. जिला कानच नव्हते तिला ते हातानं कळलं.

भाऊंनी माझ्याकडे बघितलं आणि आपल्या घासलेल्या कडेवरून हलकेच फडकं फिरवलं. बोलले असते तर परवडलं असतं.

"टांगायला हवी," सर म्हणाले आणि त्यांनी दोन्ही हातांनी हवेत काहीतरी लोंबकळत असल्याची खूण केली. "मऊ काहीतरी. रबर असलं तर उत्तम."

भाऊ खण धुंडाळायला लागले. टकळीनं सरांच्या हातांकडे पाहिलं, दांड्याकडे पाहिलं, आणि आपल्या दोन वेण्यांची रबरं ओढून काढून टेबलावर ठेवली. तिची आई रोज सकाळी त्या वेण्या इतक्या घट्ट बांधते की पोरीच्या भुवया वर ओढल्या जातात. केस सगळे तोंडावर आले. ते तिनं कानांमागे सारले आणि ती वाट बघत उभी राहिली.

भाऊंनी हवा सोडून हंडी उचलली, घंटा काढली आणि दांड्याचं टोक तापवून, वाकवून आकडा केला. त्याला दोन्ही रबरं अडकवली, रबरांना घंटेची पाटी. घंटा लोंबकळायला लागली, वेडीवाकडी, जरा हिंदकळत. मला बघवत नव्हतं, पण मी तोंड बंद ठेवलं. बटण दाबलं. हंडी घातली. पंप सुरू केला.

पंपाच्या घरघरीत काही कळेना. टकळीनं तबकडीवर तळवा ठेवला आणि लगेच काढला. पंपानं सगळंच थरथरत होतं. काटा खाली खाली गेला, तळाला टेकला. मी तोटी फिरवली. भाऊंनी पंप बंद केला.

मी पुष्कळ शांत जागी बसलेली बाई आहे. पण तसली शांतता मी कधी ऐकली नव्हती. कारण समोर घंटा वाजत होती. माझ्या नाकासमोर, हातभर अंतरावर, तिची हातोडी वाटीवर सटासट आपटत होती. इतकी झपाट्यानं की तिचं टोक दिसत नव्हतं, नुसता धुरकट पंखा दिसत होता. वाटी हलत होती, रबरं हलत होती, हातोडीमागच्या पट्टीजवळ बारीक निळी ठिणगी उडत होती. आणि आवाज नाही. कुठंच नाही. भट्टीची धगधग ऐकू येत होती, खिडकीबाहेर कुणाची तरी सायकल गेली ती ऐकू आली, भाऊंचा श्वास ऐकू येत होता. मी काचेला कान लावला. नाही. भाऊंनी कानामागे तळवा धरून कान टवकारला आणि नकारार्थी मान हलवली. सरांनी तबकडीला कान टेकवला. डोळे मिटले. नकारार्थी मान हलवली. मी हलवली.

तेवढ्यात माझी बहीण दारात आली. पाळी सुटल्यावर पोरीला न्यायला ती रोज या वेळी येते. आत काहीतरी चाललंय हे बघून ती खांद्यावरच्या पिशवीसकट उंबऱ्यातच थांबली. भाऊंनी तिला गप्प राहायची खूण केली. आम्ही सगळे श्वास रोखून उभे होतो. आवाज खरोखरच नाही ना, याची खात्री करून घेत होतो. सगळ्यांचे कान होते तेवढे त्या हंडीकडे लागलेले.

टकळी आमच्या तोंडांकडे बघत होती. आधी भाऊंकडे, मग सरांकडे, मग माझ्याकडे. तो चेहरा तिच्या ओळखीचा होता. डॉक्टरांच्या खोलीत तो तिचा चेहरा होता. कान देऊन बघायचं, आणखी थोडं देऊन बघायचं, आणि मग मान हलवायची. आज तो आम्हा सगळ्यांच्या तोंडावर होता. तिनं हंडीकडे पाहिलं. पुन्हा आमच्याकडे पाहिलं.

"वाजतेय की," ती म्हणाली.

आवाज खरबरीत झाला होता. मधेच फाटत होता, आणि गरजेपेक्षा मोठा होता. पण शब्द दोन्ही अगदी धड, जिथल्या तिथं. दारात पिशवी खाली पडल्याचा आवाज आला. मी मागं वळून बघितलं नाही. मला वाटलं, हललं तर बिघडेल.

"वाजतेय की," ती पुन्हा म्हणाली, या वेळी जरा चिडून, आम्हाला एवढं साधं कसं कळत नाही म्हणून. "मला दिसतेय." आणि मग कपाळाला आठी घालून, हंडीला नाक लावून, "मग दिसते कशी?"

सरांना आमच्या घरातलं काही ठाऊक नव्हतं. पोरीला ऐकू येत नाही एवढं त्यांना मी सांगितलं होतं, पण ती बोलत नाही हे नव्हतं सांगितलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं ते फक्त चांगला प्रश्न विचारणाऱ्याकडे बघावं तसं. आणि काय आनंद झाला त्या माणसाला. ते तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले.

त्यांनी आधी घंटेकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या कानाकडे, आणि हात झटकला, येत नाही. मग घंटेकडे आणि डोळ्याकडे, आणि मान डोलावली, येतं. मग खिडकीतून आत आलेल्या उन्हाकडे बोट केलं आणि हात उंच नेऊन तिथून खाली आणत आणत, हंडीच्या आरपार नेल्यासारखं करून, तिच्या हातावर ठेवला. ऊन खरंच तसं पडलं होतं. खिडकीतून येऊन हंडीच्या एका बाजूनं आत शिरत होतं आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर पडून टेबलावर सांडत होतं. टकळीनं त्या उजेडात तळवा धरला. मग आपला तळवा हंडीच्या अलीकडच्या बाजूला धरला, पुन्हा पलीकडे धरला, आणि हंडीच्या आत बघितलं, जिथून तो येत होता आणि जिथं काहीच नव्हतं.

"कशातून येतो?" तिनं विचारलं.

सरांनी ओठ सावकाश हलवले. "कशातूनच नाही." आणि दोन्ही रिकामे हात पसरून दाखवले.

"काहीच नाही?"

सरांनी मान हलवली.

"सूर्यापासून?"

"सूर्यापासून," सर म्हणाले. मग आमच्याकडे वळून, जणू आम्हीच वर्ग, ते सांगत राहिले. म्हणाले, हिनं विचारलं तेच शहाण्या शहाण्या माणसांनी विचारलं होतं. पाण्याच्या लाटेला पाणी लागतं, आवाजाला हवा लागते, तर उजेडाच्या लाटेला काहीतरी लागतच असणार. एवढ्या मोठ्या आकाशातून येतो तो कशावर तरी पाय टेकून येत असेल ना. त्या न दिसणाऱ्या वस्तूला त्यांनी ईथर असं नावसुद्धा ठेवलं. पुष्कळ शोधलं. पण सापडलं नाही, कारण नव्हतंच. उजेड म्हणजे वीज आणि चुंबक यांची लाट. विजेचा जोर बदलला की चुंबकाचा उठतो, चुंबकाचा बदलला की विजेचा. दोघं एकमेकांना हात देत पुढे जातात, त्यांना तिसऱ्याची गरज पडत नाही. रेडिओच्या लाटासुद्धा तशाच. जितकं रिकामं तितकं त्यांना बरं, वाटेत अडवायला कुणी नाही.

मला यातलं सगळं कळलं असं मी म्हणणार नाही. पण माझ्या अंगावर काटा आला. जन्मभर मी काच फुंकत आले. काच म्हणजे काय, उजेड जाऊ देणारी वस्तू, एवढंच मला ठाऊक. तो ज्यातून येतो त्या रिकाम्या जागेचा विचार मी कधी केलाच नाही. सूर्य आणि माझी खिडकी यांच्यामध्ये केवढी पोकळी असेल. तिथं कुणी हाक मारली तर ती ओठांपाशीच मरेल. आणि त्याच पोकळीतून हे ऊन न थकता, न अडखळता आलं होतं आणि आमच्या पोरीच्या तळव्यावर येऊन टेकलं होतं, ऊबसुद्धा घेऊन. रोज येत होतं. आम्ही त्याच्यात कपडे वाळत घालत होतो.

सर उठले. प्रयोग झाला होता. त्यांचा हात हवा सोडायच्या तोटीकडे गेला. मी तो वरच्यावर धरला.

"राहू दे जरा," मी म्हटलं.

कारण माझी बहीण दारातून आत आली होती. तिची पिशवी उंबऱ्यात पडलेली, आतलं सामान बाहेर आलेलं, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. टकळीनं तिला पाहिलं आणि धावत जाऊन तिचा हात धरला आणि तिला ओढत टेबलापाशी आणलं. तिचे मोकळे केस बघून एरवी आईनं आधी तेच विचारलं असतं.

"आई, ऐक," टकळी म्हणाली.

बहिणीनं माझ्याकडे पाहिलं. काय करू, असं. कित्येक महिने ती या पोरीसमोर बोलताना जपत होती. ऐकू येण्याचा विषय निघू नये म्हणून घरातलं गजराचं घड्याळसुद्धा तिनं कपाटात घालून ठेवलं होतं. मी नुसती मानेनं हंडीकडे खूण केली. ती वाकली, काचेला कान लावला. आत हातोडी तशीच सटासट आपटत होती. ती बराच वेळ तशी वाकून राहिली. डोळ्यांतलं पाणी नाकावरून ओघळून काचेवर पडलं, ते पुसायचंही तिला सुचलं नाही.

"येतंय ऐकू?" टकळीनं तिच्या तोंडाकडे निरखून बघत विचारलं.

बहिणीनं पुन्हा माझ्याकडे पाहिलं नाही. तिनं सरळ पोरीकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. "नाही," ती म्हणाली.

"मला पण नाही," टकळी म्हणाली, आणि हसली. भाऊंच्या हातातलं फडकं तोंडाकडे गेलं.

"पण दिसतंय ना?"

बहिणीनं मान डोलावली.

"मग झालं तर," टकळी म्हणाली. एका हातानं तिनं आईची साडी धरली होती. दुसरा सरांच्या बाहीला घालून तिनं त्यांना पुन्हा खाली बसवलं, आणि विचारलं की चांदण्यांचा उजेडही असाच येतो का, आणि येतो तर त्याला एकट्याला भीती नाही का वाटत, आणि मावशी, ती घंटा अशीच वाजत ठेव, मी अजून बघितली नाही नीट.